एका बाकावर बसवलं म्हणून दोस्ती होते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो, की वर्गात चार जातींची, चार भाषांची पोरं आहेत म्हणून त्यांची मनं आपोआप मोठी होतात असं काही नसतंय. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की ह्यावेळचं अख्खं सदर त्यातच गेलं. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. काही पत्रं लई लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : सर, मी कुपवाडला राहते, मिस्टर एमआयडीसीत आहेत. मुलगी सहावीला. तिच्या वर्गात निम्मी पोरं यूपी-बिहारकडची, आई-बाप कारखान्यात कामाला असलेली, एक-दोन जतकडची कानडी बोलणारी पण आहेत. परवा घरी येऊन म्हणते, मम्मी मला त्या भैय्याच्या पोरीजवळनं उठवायला सांग बाईंना. आमच्या घरात असं कोण बोलत नाही (सासूबाई थोडं बोलतात). जाऊबाई म्हणतात शाळाच बदला, सांगलीत घाला, तिथं आपली पोरं असतात. अशा मिक्स वर्गात राहून ती सुधारेल का अजून बिघडेल?

उत्तर : ताई, ह्या कारणासाठी तरी शाळा बदलू नका. आणि पोरीवर लगेच ओरडूही नका, अकरा वर्षांचं पोर असलं वाक्य स्वतः तयार करत नाही, कुठनं तरी ऐकलेलं असतंय, रिक्षात, ट्यूशनला, नाहीतर घरातच. सासूबाईंचं तुम्ही कंसात लिहिलंय पण मला वाटतं पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेवढंच आहे.

आता तुमचा मेन प्रश्न. ह्यावर जगात सत्तर वर्षं अभ्यास चाललाय. 1954 साली गॉर्डन ऑलपोर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलं की दोन गटांतली माणसं नुसती जवळजवळ ठेवून भागत नाही, दोघांचा मान सारखा पाहिजे, दोघांना गाठायचंय ते एकच पाहिजे, ते एकमेकांच्या मदतीनं करायला लागलं पाहिजे आणि वरच्या माणसाचा, म्हणजे शाळेत बाईंचा आणि हेडसरांचा, ह्याला उघड पाठिंबा पाहिजे. मग 2006 मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप ह्या दोघांनी असले 515 अभ्यास एकत्र करून तपासले, 38 देशांतली अडीच लाखावर माणसं त्यात होती, आणि निघालं असं की ओळख-भेट झाली की दुसऱ्या गटाबद्दलचा आकस बहुतेक ठिकाणी कमीच होतो. ऑलपोर्टनं सांगितलेलं सगळं जमलेलं नसलं तरी थोडा होतो, जमलेलं असलं की जास्त होतो. म्हणजे जाऊबाईंचं गणित उलटं आहे, आपली-आपली पोरं असलेल्या शाळेत हा प्रश्न सुटत नाही, फक्त दिसायचा बंद होतो.

पण एक गोम आहे आणि ती तुमच्याच वर्गाला लागू पडते. जेम्स मूडी नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 2001 मध्ये अमेरिकेतल्या शाळांमधली दोस्ती मोजली, कोणतं पोरगं कुणाचं नाव मित्र म्हणून सांगतंय अशी. तर सगळ्यात जास्त तुटकपणा कुठं सापडला, मध्यम मिक्स असलेल्या शाळांत. माझ्या मते ह्याचं कारण सरळ आहे. एखाद-दुसरंच वेगळं पोर असलं तर त्याला बाकीच्यांत मिसळल्याशिवाय पर्यायच नसतो, आणि लई प्रकारची असली तर कुठलाच गट एवढा मोठा होत नाही, पण दोन दांडगे गट समोरासमोर आले की ज्याची त्याची टोळी करून बसायला सोय होते. कुपवाडचा निम्मा मराठी निम्मा हिंदी वर्ग म्हणजे नेमका हाच प्रकार.

तुमच्याच भागातल्या एका शाळेत मधल्या सुट्टीत मी उभा होतो, खिचडीच्या रांगेत सगळ्या पोरी एकामागं एक, अगदी मिक्स, बघणाऱ्याला वाटावं वा काय एकी आहे. ताटं हातात आली की अर्ध्या पायऱ्यांवर, अर्ध्या पाण्याच्या टाकीकडं. कुणी सांगितलं नव्हतं, पण रोजची जागाच तशी. नंतर पीटीच्या तासाला खो-खो लागला. सरांनी नंबरानं टीम पाडल्या आणि पाटीवर एक हिंदी बोलणारी बारकी पोर बसली होती, पळायला एकदम चपळ. खो-खोत काय असतंय, पाठीमागनं थाप मारून खो द्यायला लागतो, नुसतं लांबनं ओरडून चालत नाही. दोन डावांत त्या पोरीला सगळ्या नावानं हाक मारायला लागल्या. बाक शेजारी होता तेव्हा जे झालं नव्हतं ते टीम एक झाल्यावर झालं.

खेळावरनंच सांगतो. मॅट लो ह्या अर्थशास्त्रज्ञाचा 2021 मध्ये छापून आलेला प्रयोग आपल्याच देशातला, उत्तर प्रदेशातला आहे. वेगवेगळ्या जातींच्या 1,261 तरुण पोरांतनं चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये खेळवलं आणि बाकीच्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. काही टीम मिक्स, काही एकाच जातीच्या. मिक्स टीममध्ये जे दुसऱ्या जातीच्या पोरांबरोबर खेळले त्यांची जातीबाहेरची दोस्ती वाढली, आपल्याच जातवाल्याला पुढं करायची सवय कमी झाली. आणि ज्यांच्या वाट्याला दुसऱ्या जातीची पोरं फक्त समोरच्या टीममध्ये आली त्यांच्यात बहुतेक उलटं झालं. ग्राउंड तेच, बॉल तोच, फरक फक्त कोण आपल्याकडनं खेळतंय आणि कोण विरुद्ध. म्हणून शाळेत मराठी विरुद्ध हिंदी, अ तुकडी विरुद्ध ब तुकडी असल्या मॅच लावायच्या असतील तर मास्तरांनी दहादा विचार करावा.

तेव्हा बाईंना भेटा, पण माझ्या पोरीला उठवा म्हणून नाही. दर पंधरवड्याला सगळ्याच वर्गाच्या जागा बदलता येतील का आणि प्रोजेक्टचे गट बाई स्वतः पाडतील का, एवढं विचारा. गट पोरांवर सोडले की टोळ्याच पडतात. घरी त्या पोरीला आणि तिच्या आईला एकदा चहाला बोलवा, सासूबाई घरात असतानाच. आपल्या जवळच्या माणसाची पलीकडच्या गटात दोस्ती आहे हे नुसतं बघूनसुद्धा आपलं मत मऊ होतं, हेही अभ्यासांत दिसलंय. आणि सासूबाईंना आठवण द्या की आपल्या विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यापायी तामिळनाडू-केरळपर्यंत पसरलीत, त्यांची पोरं तिकडच्या वर्गात 'बाहेरची' म्हणूनच बसतात, आणि तिथल्या कुठल्या तरी आईनं त्यांना शेजारनं उठवा म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पाच-सात पोरं माझ्या वर्गात बसतात ती मार्च-एप्रिलपर्यंत, कधी मधेच गायब. गावातली पोरं त्यांना 'कोपीवरची' (कोपी म्हणजे त्यांची पाचटाची झोपडी) म्हणतात. एवढ्या थोड्या दिवसांसाठी गट पाडा, मिसळवा, ह्याचा काही उपयोग आहे का? का आपण आपलं समाधान करून घेतोय?

उत्तर : मॅडम, उपयोग आहे, पण तुम्ही काय करता ह्यावर. क्रिकेटची ती लीगसुद्धा महिनाभराचीच होती.

आधी ऑफिसचं. दाखला नाही म्हणून कुणी त्या पोरांना परत पाठवत असेल तर ते बेकायदेशीर आहे, शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणं वर्गात घ्यायलाच लागतं आणि दाखल्यावाचून अडवता येत नाही. गावाकडनं येताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या पोरांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) आणलंय का ते बघा, नसेल तर तुमच्याकडनं जाताना तरी त्यांच्या हातात द्या. आणि कृपा करून हजेरीत ती पोरं शेवटच्या पानावर वेगळी लिहू नका. मी असे कॅटलॉग बघितलेत, खाली रेघ मारून 'ऊसतोड' असं लिहिलेलं. मॉनिटर रोज तो कॅटलॉग उचलतो, त्याला दिसतंच की ही पोरं रेघेच्या खालची आहेत म्हणून.

आता गटाचं. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन पोरांच्या शाळा एकत्र केल्यावर वर्गात मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा एलियट ॲरन्सन ह्या मानसशास्त्रज्ञाला बोलवलं होतं. त्यानं वर्गात जाऊन बघितलं तर बाई प्रश्न विचारतात, हुशार पोरं हात वर करतात, एकाला चान्स मिळाला की बाकीच्यांची तोंडं पडतात, म्हणजे अख्खा वर्ग एकमेकांविरुद्ध. मग त्यानं धड्याचे तुकडे केले, पाच-सहा पोरांचा मिक्स गट, प्रत्येकाला धड्याचा एकच तुकडा, तो त्यानं शिकायचा आणि बाकीच्यांना समजावून सांगायचा, परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या पोराची पहिल्यांदा टिंगलच झाली, पण त्याच्याकडचा तुकडा दुसऱ्या कुणाकडंच नाही म्हटल्यावर पोरं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली.

तुमच्याकडं हे करायला खर्च काहीच नाही, परिसर अभ्यासाचा धडा घ्या, झेरॉक्स नसेल तर वहीचं पान फाडून लिहून द्या. फक्त एक सांभाळा. 'तू ऊसतोडीचं सांग' म्हणून त्या पोराला दरवेळी उभं करू नका. आईबाप उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेत, पहाटे फडात जातात, आपण बारक्या बहिणीला सांभाळतो, वाढं (उसाचे शेंडे) गोळा करतो, हे त्यानं सगळ्या वर्गासमोर सांगावं असं आपल्याला वाटतं कारण आपल्याला ते हृदयस्पर्शी वाटतं, त्याला ते वाटत नाही. त्याला नदीचा उगम द्या, अपूर्णांक द्या, बाकीच्यांना मिळतं तेच. स्वतःहून कोयत्याचं सांगायला लागला तर ऐकायचं, नाहीतर नाही.

प्रश्न : साताऱ्यातनं एका रिटायर्ड काकांचं पत्र, वय 81. आमच्या वेळी रयतच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, कुणी कुणाला जात विचारली नाही. तेव्हा कुठले आलेत तुमचे सर्व्हे आणि प्रयोग? आता हे एवढं शास्त्र कशाला लागतंय?

उत्तर : काका, तुमच्या पत्रातला पहिला भाग सोळा आणे खरा आणि म्हणूनच दुसरा पटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग, 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अशी जातवार-धर्मवार वसतिगृहं उभी करायला मदत केली होती, त्या काळात पोरं शिकायला बाहेर पडावीत म्हणून ते बरोबरच होतं. अण्णांनी, म्हणजे कर्मवीरांनी, पुढची पायरी घेतली, सगळी एका छपराखाली. आणि नुसती राहायला ठेवली नाहीत, स्वयंपाक पोरांनीच करायचा, शेतात, बांधकामावर राबायचं, एका पंगतीत जेवायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. आता ऑलपोर्टची यादी परत बघा, मान सारखा, काम एक, एकमेकांवर अवलंबून, वरनं पाठिंबा. तो ते 1954 मध्ये लिहितोय, अण्णांनी तीस वर्षं आधी करून दाखवलंय. तुम्हाला ते आपोआप झाल्यासारखं वाटतं कारण करणारा माणूस खमक्या होता.

आणि त्याच साताऱ्यातलं दुसरं उदाहरण तुम्हाला माहीतच असणार. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, त्या तारखेला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. बाबासाहेबांनी लहानपणच्या शाळेबद्दल स्वतः लिहून ठेवलंय की कोपऱ्यात वेगळं बसायला लागायचं, बसायला घरनं गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, शिपाई असला तर पाणी, नसला तर तहानलेलंच. वर्ग मिक्स होता की! एकाच छपराखाली, एकच मास्तर. शेजारची पोरं त्यातनं काय शिकली असतील तर हेच की हे असंच असतंय.

कुणी कुणाला जात विचारली नाही म्हणता, त्याबद्दल एक बारीकसं बोलू का. विचारायला लागत नसायची, आडनाव आणि गावातली गल्ली कळली की कळायचीच. बोर्डिंगाचं मोठेपण जात माहीत नव्हती ह्यात नाही, माहीत असून ताट शेजारी होतं ह्यात आहे.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातली, दहावीत आहे. आमच्या तुकडीत मी एकटीच मुस्लिम. मैत्रिणी चांगल्या आहेत, ईदला घरी येतात, शिरखुर्म्यासाठी भांडतात. पण टीव्हीवर काही झालं की सगळे माझ्याकडं बघतात, एक सर तर गमतीनं 'काय, तुमच्या लोकांनी काय केलं हे' म्हणाले. मम्मी म्हणते दुर्लक्ष कर. मग ह्या मिक्स वर्गाचा फायदा नक्की कुणाला होतो, त्यांना का मला?

उत्तर : बाळ, तुझा प्रश्न ह्या सगळ्या पत्रांत सगळ्यात अवघड आहे आणि तू अगदी बरोबर जागी बोट ठेवलंयस. पेटिग्रू आणि ट्रॉपनीच हे वेगळं तपासलंय, ओळखीनं मन बदलण्याचा परिणाम संख्येनं किंवा ताकदीनं मोठ्या गटावर जास्त दिसतो, लहान गटावर कमी. कारण सोपं आहे, मैत्रिणींना तुझ्यामुळं एक नवी ओळख मिळते, तुला मात्र रोज सगळ्यांच्या वतीनं परीक्षा द्यायला लागते. त्यांच्यातल्या एकीनं कॉपी केली तर ती कॉपी करणारी पोरगी, तुझ्या नात्यात ना गोत्यात अशा कुणीतरी कुठंतरी काही केलं की उत्तर तू द्यायचं. हे अन्यायाचं आहे आणि तसं म्हणायला लाजायचं कारण नाही.

आपल्या सांगली जिल्ह्याची गंमत अशी की कडेगावात मोहरमचे ते उंचच उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, आणि त्याच जिल्ह्यात 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेची दंगलही झाली. सणाला एकत्र येणं भारीच आहे, मी ते कमी लेखत नाही, पण सणाला सगळे पाहुण्यासारखे वागतात. सोमवारी वर्गात सर काय बोलतात ते जास्त मोजलं जातं, कारण सरांनी चेष्टा केली की चाळीस पोरांना परवानगी मिळते.

म्हणून मम्मींचा सल्ला मैत्रिणींच्या बाबतीत कधीकधी ठीक आहे, सरांच्या बाबतीत नाही. तू एकटीनं त्यांना तोंड द्यायला जाऊ नकोस, दहावीचं वर्ष आहे, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात आहेत हे मलाही कळतंय. वर्गशिक्षिका किंवा मुख्याध्यापक, ज्यांच्याशी बोलता येतं त्यांच्याकडं आईवडलांनी जावं, काय वाक्य बोलले, कुठल्या तासाला, तेवढंच सांगावं, भाषण नको. आणि ज्या मैत्रिणी शिरखुर्म्यासाठी भांडतात त्यांच्यातल्या एकीला सांग की पुढच्या वेळी सगळे तुझ्याकडं बघायला लागले की तिनं तोंड उघडावं. तेवढं तिच्याकडं मागायचा तुला हक्क आहे.

प्रश्न : कराडहून एक वडील. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के राखीव जागांमुळं आमच्या इंग्लिश मीडियममध्ये आता सगळ्या थरातली पोरं आहेत. आम्ही फी भरतो. विरोध नाही, पण खरं सांगा, आमच्या पोरांच्या मार्कांवर परिणाम होतो का?

उत्तर : साहेब, खरं विचारलंत म्हणून आवडलं. हा प्रश्न दिल्लीत नीट तपासलाय. 2007 पासून तिथल्या बड्या खाजगी शाळांना गरीब घरांतली पोरं घ्यायला लागली, त्यावर गौतम राव ह्या अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास 2019 मध्ये आला. एकूण मार्कांत म्हणण्यासारखा फरक नाही, इंग्रजीत किंचित घसरण आणि वर्गात शिव्या थोड्या वाढल्या. (शिव्या आपल्याकडं आधीपासनंच मुबलक आहेत, त्यात नवीन काय भर पडणार.)

दुसऱ्या बाजूला काय मिळालं ते बघा. श्रीमंत घरची पोरं जास्त देती झाली, वाटणी करताना समान वाटायला लागली. रिलेसाठी पार्टनर निवडायला सांगितलं, बक्षीस पैशात, एकीकडं जोरात पळणारं गरीब पोरगं आणि दुसरीकडं हळू पळणारं आपल्यासारख्या घरातलं. ज्यांच्या वर्गात गरीब पोरं होती त्यांनी जोरात पळणारं जास्त निवडलं, बाकीच्यांतले कितीतरी ओळखीच्या थरातलं पोरगं घेऊन हरायला तयार होते. आणि काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षराप्रमाणं पाडले जात होते, त्यामुळं कुणाच्या गटात गरीब पोर येणार हे निव्वळ नावावर ठरायचं, तर ह्या बदलातला मोठा वाटा त्या गटांतनं आलेला दिसला.

तेव्हा पुढच्या पालकसभेला मार्कांचं विचारू नका, आरटीईची पोरं वेगळ्या तुकडीत तर टाकली नाहीत ना, स्कूलबसची आणि सहलीची फी परवडत नाही म्हणून मागं राहतात का, आणि गट कोण पाडतं, हे विचारा. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ह्यातनं सूट देणारा राज्याचा 2024 चा नियम मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केलाय, त्यामुळं ही पोरं तुमच्या मुलाच्या वर्गात राहणार आहेत. तुमचा मुलगा कितवीला आहे ते लिहायचं राहिलं, पाचवीच्या आत असेल तर बसायच्या जागा आत्ताच बदलायला लावा, आठवीच्या पुढं टोळ्या फोडणं लई जड जातं.